एका तारेवरचा बल्ब

आठवीला सर्किट शिकवत होते. टेबलावर सेल, बल्ब, वायर मांडलेलं आणि मी नेहमीचं वाक्य बोलले, की बल्ब लागायचा तर दोन तारा हव्यात, एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते, रस्ता पूर्ण झाला पाहिजे. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा बसतो, एरवी अख्खा तास तोंड उघडत नाही, तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मॅडम, आमच्या मळ्यात एकाच तारेवर लागतो बल्ब." वर्गात थोडा हशा झाला. पण मळ्यात राहणारी जी पोरं आहेत ती हसली नाहीत, त्यातल्या दोघांनी तर माना डोलावल्या. मी विचारलं, मग दुसरी तार कुठं जाते? तर म्हणाला, "दुसरी तार खांबाकडं जातच नाय. लोखंडी सळई ठोकलीय जमिनीत, तिला बांधलीय. उन्हाळ्यात उजेड कमी पडला की आजी तिथं बादलीभर पाणी ओतती, मग लख्ख लागतो."

घंटा झाली, पोरं डबे घेऊन पळाली. मला मात्र ती बादली काही सोडेना.

त्या एका वाक्यात धाराविद्युतचं निम्मं प्रकरण आहे हो. रस्ता तिथंही पूर्णच झालेला आहे, फक्त परतीची तार दिसत नाही कारण ती तार म्हणजे जमीन आहे. डीपीवर, म्हणजे मळ्यांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी, त्याचा न्यूट्रल (परतीची तार) जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून आलेला करंट बल्बमधून सळईत, सळईतून मातीत आणि मातीतून डीपीच्या अर्थिंगकडे परत जातो. माती वाळलेली असली की तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त, म्हणून करंट कमी आणि बल्ब मिणमिणता. पाणी ओतलं की मातीतले क्षार विरघळतात, रोध उतरतो, उजेड वाढतो. आजीने रोध, विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) हे शब्द कधी ऐकले नसतील पण तिने निरीक्षण केलंय, प्रयोग केलाय, आणि दरवर्षी उन्हाळ्यात तो पुन्हा करून बघितलाय. आणि त्याच वाक्यात दुसरी एक गोष्ट होती, तिने मला रात्री झोपू दिलं नाही. बादली घेऊन अनवाणी, ओल्या जमिनीवरून त्या सळईपाशी जाणारी आजी. अशा वेळी सळईभोवतीच्या जमिनीतही करंट असतो, सळईजवळ व्होल्टेज जास्त, लांब जावं तसं कमी, म्हणजे माणसाच्या एका पायाखाली एक आणि दुसऱ्या पायाखाली दुसरं. पाऊल जितकं लांब तितका हा फरक मोठा. पावसाळ्यात खांबापाशी माणसाआधी बैल दगावतो तो यामुळेच, त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त.

मी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. मामाच्या बांधावर खांबाला ताणाची तार होती, पहिल्या पावसात तिच्यात करंट उतरला आणि चरायला सोडलेला बैल तिथंच पडला. मामा कित्येक दिवस गोठ्याकडे फिरकला नाही. आम्हा पोरांना तेव्हापासून एकच शिकवण, हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. तरी संध्याकाळी लाईट गेली की सगळं घर अंगणात येऊन लाईटचीच वाट बघायचं आणि ती आली की गल्लीभर एकदम जो आरडाओरडा व्हायचा तो मला अजून ऐकू येतो. भीती आणि ओढ, दोन्ही एकाच गोष्टीची. आमच्या जुन्नर-नारायणगावकडे आजही तसंच आहे. शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची आली की वडील टॉर्च आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जातात, ऊस आहे, बिबट्या आहे, आणि घरात आई आणि पोरं जागी. सकाळी माझ्या वर्गात जी मुलं पेंगतात त्यातली काही यामुळे पेंगत असतात. स्टार्टर, ऑटो, फेज गेला, फ्यूज उडाला, व्होल्टेज पडलं, हे शब्द त्यांना पुस्तकाच्या कितीतरी आधी माहीत असतात. अशा मुलांपुढे उभं राहून मी 'विद्युतधारा म्हणजे विद्युतप्रभाराचे वहन' असं लिहून द्यायचं, हे मला पटत नाही. व्याख्या चुकीची नाही. पण ती शेवटी यावी, आधी हातात काहीतरी यावं.

म्हणून सहावी असो की आठवी, मी पहिला तास एकाच गोष्टीवर घालवते. दोघांत मिळून एक मोठा सेल, एक टॉर्चचा बल्ब, एक वायर. होल्डर नाही, स्विच नाही, फळ्यावर आकृती नाही. आधी वहीत काढा, बल्ब कसा लागेल असं तुम्हाला वाटतं, आणि मग लावून दाखवा. बहुतेक वह्यांत एकच चित्र येतं, सेलच्या टोपीपासून निघालेली तार बल्बच्या बुडाला टेकलेली, बस. मोटारीचं पाणी पाइपातून टाकीत पडतं तशी वीज बल्बात जाऊन पडते, असा त्यांचा सरळ हिशोब. मग ते तसं धरून बघतात आणि काहीच होत नाही. सेल उलटा करतात. बल्ब हलवून कानाशी नेतात. "मॅडम आमचा बल्ब गेलाय" अशी तक्रार येते, मी तोच बल्ब लावून दाखवते आणि हात झाकून घेते, कसा धरला ते दिसू देत नाही. कुणीतरी तारेची दोन्ही टोकं थेट सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवतो आणि "चटका बसला!" म्हणून ओरडतो, तेव्हा मी सगळा वर्ग थांबवते, कारण बल्ब लागला नाही तरी तार गरम झाली म्हणजे काहीतरी नक्की वाहतंय, आणि मगाशी एका टोकाने धरली तेव्हा ती गार होती. (तार लगेच सोडायला सांगते. सेल उतरतो आणि बोटंही भाजतात.)

आणि मग एका बाकावर बल्ब लागतो. त्या वेळचा आवाज.

तो आवाज एकदा झाला की वर्गात शिक्षकाची गरज थोडा वेळ उरत नाही, एका जोडीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, आणि मग मी विचारते की आता नीट बघून सांगा, तार बल्बला नेमकी कुठं टेकलीय. बल्बला दोन जागा आहेत, एक सेललाच टेकते आणि दुसरीला तार. एक बुडाला, शिशाचा बारीक ठिपका. दुसरी बाजूचा आट्यांचा पत्रा. मधे काळा किंवा करडा रिंगसारखा भाग, जो या दोघांना एकमेकांपासून तोडतो. काचेतून आत बघितलं तर दोन बारीक काड्या वर आलेल्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेली ती केसासारखी तार. फ्यूज गेलेला एक बल्ब मी जाड फडक्यात गुंडाळून फोडते आणि आतलं सगळं कागदावर ठेवून फिरवते. पोरं एकेक काडी बोटाने शोधत जातात, ही खाली ठिपक्याला गेली, ती बाजूच्या पत्र्याला गेली. म्हणजे बल्बात वीज पडत नाही, ती एका दाराने आत येते आणि दुसऱ्या दाराने बाहेर जाते. हे ज्याने स्वतःच्या बोटाने शोधलं तो आयुष्यात विसरत नाही असा माझा अनुभव आहे. किटमधला होल्डर दिला की हे सगळं झाकलं जातं, त्याला दोन वायरी आधीच असतात, मूल ते जोडतं, बल्ब लागतो, आणि मनातलं ते टाकीचं चित्र तसंच राहतं.

आणि ते चित्र किती वर्षं टिकतं बघा. अमेरिकेत एमआयटी या नावाजलेल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात झगा-टोपी घालून उभ्या असलेल्या पदवीधरांच्या हातात सेल, बल्ब आणि तार देऊन कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं की एवढ्यावर बल्ब लावता येईल का, आणि त्यातल्या काहींना तो लावता आला नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑसबॉर्न या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांशी बोलून बोलून त्यांच्या डोक्यातलं करंटचं चित्र समजून घेतलं. काहींना वाटायचं एकच तार काम करते. काहींना वाटायचं दोन्ही टोकांनी करंट येतो आणि बल्बमध्ये टक्कर होऊन उजेड पडतो. काहींना वाटायचं की करंट जातो आणि येतो पण येताना कमी होऊन येतो, बल्बने थोडा खाल्ला. आणि काहींना बरोबर वाटायचं, जेवढा जातो तेवढाच परत येतो. मी हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पृथ्वीच्या त्या टोकाची पोरं आणि माझी घारगाव-आळेफाट्याकडची पोरं अगदी एकसारखा विचार करतात.

यातली तिसरी समजूत सगळ्यात चिवट आहे, कारण ती शहाणपणाची वाटते. बिल येतं म्हणजे वीज संपते, संपते म्हणजे बल्ब ती खातो. यासाठी मी मैदानात दोर काढते. विहिरीचा जुना लांब दोर, दोन टोकं बांधून मोठं कडं करायचं, पंचवीस-तीस पोरं गोल उभी राहतात, दोर प्रत्येकाच्या सैल मुठीतून जाईल असा धरायचा. एकजण सेल, तो दोर ओढून पुढे सरकवत राहतो. समोरचा एकजण बल्ब, त्याने मूठ जरा आवळायची. दोर सगळीकडे एकाच वेळी सरकायला लागतो, सेलपासून लांब असलेल्याला वाट बघावी लागत नाही, आणि बल्ब झालेला पोरगा थोड्या वेळात ओरडतो, "मॅडम, हात तापला!" मग विचारायचं, दोर कमी झाला का? कुणीच हो म्हणत नाही. तुझा हात कशाने तापला? हा ओढतोय त्याच्या जोराने. तर तो जोर म्हणजे ऊर्जा, ती सेलकडून आली आणि मुठीत उष्णता झाली, दोर मात्र जेवढा होता तेवढाच. तारेतही प्रभार, म्हणजे वाहणारे विजेचे कण, आधीपासून भरलेलेच असतात, ते स्वतः मिलिमीटरच्या हिशोबाने हळूहळू सरकतात, तरी बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो कारण सगळेच एकदम सरकायला लागतात. कुणीतरी दोर सोडून मधेच कापायचं नाटक करतो, सगळं थांबतं, तो झाला स्विच. हे सगळं मी सांगत नाही, हळूहळू पोरंच नावं ठेवत जातात.

आता त्या सळईकडे येते. त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले होते. घरच्यांना धोका माहीतच होता, अज्ञान वगैरे काही नव्हतं. खांबापासून मळा लांब, दोन तारा ओढायच्या तर खर्च दुप्पट, एकीवर भागतंय तर भागवलं. त्यांच्याशी बोलताना मला उपदेश करवेना. आजीने चहा केला. मी एवढंच सांगितलं की पाणी ओतायला तिथं जाऊ नका, निदान लाईट चालू असताना नकोच, आणि ही पद्धत बंद करा, वायरमनला बोलवून दुसरी तार घ्या. पुढच्या आठवड्यात ती घेतली गेली, त्या घरातल्या कुणीतरी उसाच्या पैशातून घेतली म्हणे.

पण वर्गात तो प्रश्न तसाच ठेवणं बरोबर नव्हतं, पोराने खरी गोष्ट सांगितली होती. म्हणून आम्ही प्लास्टिकचं घमेलं घेतलं, त्यात शेतातली वाळलेली माती, मातीत दोन लांब खिळे हातभर अंतरावर. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि लाल एलईडी. बॅटरीच्या एका टोकाची तार थेट एका खिळ्याला, दुसऱ्या टोकाची एलईडीतून दुसऱ्या खिळ्याला. काही नाही, अंधार. मग त्याच मुलाला पुढे बोलावलं आणि हातात तांब्या दिला. त्याने दोन्ही खिळ्यांच्या मधे पाणी ओतलं, माती गडद झाली, पाणी मुरायला थोडा वेळ गेला, आणि एलईडीत लाल ठिणगीएवढा उजेड आला. पोरं घमेल्यावर अशी वाकली की कुणाला काही दिसेना, खिडक्या लावून घ्यायला लागल्या. मग मिठाचं पाणी ओतलं, उजेड वाढला. खिळे जवळ आणले, अजून वाढला. एक मुलगी म्हणाली, म्हणजे माती पण वायरच आहे, फक्त वाईट वायर आहे. याच्यापेक्षा चांगलं वाक्य मी त्या तासाला बोलू शकले नसते. आणि मग लगेच, न विचारता, मागून आलं, "मग आपण उभं राह्यलो तर आपण पण वायर?"

हो. आपण पण.

तिथून सेफ्टी शिकवायला वेगळा तास लागत नाही. स्वस्तातला मल्टिमीटर रोधावर लावायचा आणि त्याच्या दोन्ही पिना मुलांनी बोटांत धरायच्या. कोरड्या हाताला आकडा मोठा येतो, लाखांच्या घरात ओहम. तेच हात पाण्यात बुडवून पुन्हा धरले की आकडा धाडकन खाली. ओल्या हाताने बटण दाबू नको हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं, इथं ते आकड्यात दिसतं आणि मुलं स्वतःहून घाम आलेला हात, मीठ लावलेला हात असं करून बघत बसतात. पहिल्याच दिवशी मी एक नियम सांगते आणि रोज सांगते, आपण जे सेलवर करतो ते भिंतीतल्या पिनवर कधीही करायचं नाही, इथं १.५ व्होल्ट आहेत आणि तिथं २३०. यात मी कुणाचंच काही ऐकत नाही, कितीही हुशार मुलगा असो.

तारेवरच्या पक्ष्याचा प्रश्न दरवर्षी येतो. भोरड्या, होले शेकड्याने बसतात, त्यांना काही होत नाही, पण वटवाघूळ मात्र तारेवर लटकून मेलेलं प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मी उत्तर देत नाही, फळ्यावर दोन तारा काढते आणि एकीवर होला बसवायला सांगते, दुसरीकडे पंख पसरलेलं वटवाघूळ. परतीचा रस्ता कुठं मिळाला ते मुलं शोधतात. होल्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर. वटवाघळाचा पंख दुसऱ्या तारेला लागला आणि रस्ता त्याच्यातून पूर्ण झाला. एकदा एका मुलाने विचारलं की खांबावर चढलेला वायरमन मग कसा वाचतो, आणि त्यावर अर्धा तास गेला, हातमोजे, लाकडी शिडी, आधी लाईट बंद करणं, बंद केल्यावरही तारा जमिनीला जोडून घेणं. हा अर्धा तास वाया गेला असं मला वाटत नाही. ज्यांचे वडील-काका रात्री फ्यूज टाकायला जातात त्या मुलांचा तो हक्काचा अर्धा तास आहे.

सातवीचं स्थितिक विद्युत हे प्रकरण मी भर पावसाळ्यात घेतच नाही. कंगवा घासा, कागदाचे कपटे उचला, हे पुस्तकात सोपं दिसतं, पण आमच्याकडे ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की कपटे जागचे हलत नाहीत, प्रभार हवेतल्या ओलीने निघून जातो, आणि मुलांना वाटतं विज्ञानातलं काही खरं नसतं. ते मी संक्रांतीच्या आसपास घेते. थंडी कोरडी असते, रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्या दिसतात, मुलं ते आपणहून सांगतात. कंगव्यापेक्षा भारी चीज म्हणजे पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि घोंगडी. पाइप कुठल्याही शेतात पडलेला मिळतो, घोंगडी कुणाच्या तरी आजोबांची असतेच. पाच-दहा वेळा जोरात घासून तो पाइप कोल्ड्रिंकच्या रिकाम्या आडव्या टिनजवळ न्यायचा, न टेकवता, आणि टिन त्याच्याकडे घरंगळत येतो. पुढे पुढे पाइप, मागे मागे टिन, व्हरांड्यात शर्यती लागतात. नळाची बारीक धार त्याच्याकडे वळते. आणि खोलीत पूर्ण अंधार करून टेस्टरमधला छोटा निऑनचा दिवा एका टोकाला बोटांत धरून दुसरं टोक त्या पाइपवरून फिरवलं तर तो क्षणभर चमकतो. घासण्याने आली ती वीज आणि दिव्यातली वीज एकच, हे सांगायला मला यापेक्षा सरळ वाट माहीत नाही.

गोष्टी सांगितलेल्याही मुलांना फार आवडतात, फक्त जन्म-मृत्यूची सनावळी नको. इटलीत गॅल्वानीने बेडकाचा पाय दोन धातूंना लागला की उडतो हे पाहिलं, १७९१ मध्ये छापलं, आणि म्हणाला वीज प्राण्याच्या अंगातली. व्होल्टा म्हणाला, बेडूक फक्त दाखवणारा आहे, वीज दोन वेगळ्या धातूंमुळे आहे. हे भांडण मी वर्गात दोन गट करून लावते, कोण बरोबर? आणि व्होल्टाने १८०० मध्ये काय केलं ते करून बघतो, हार्डवेअरच्या दुकानातले तांब्याचे वॉशर, जस्ताचा मुलामा असलेले जीआयचे वॉशर, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा थराच्या चार-पाच जोड्या रचल्या की लाल एलईडी लागतो. लिंबाचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. आम्ही चिंचेचा कोळ घेतला, आंबट ताक घेतलं, आमसुलाचं पाणी घेतलं, सगळ्यावर चाललं. तेव्हा मुलांना कळलं की वीज लिंबात नसते, झिजतं ते जस्त. एकाच लिंबावर टॉर्चचा बल्ब लावायला मात्र जाऊ नये, तो लागत नाही, करंट फारच थोडा मिळतो, आकडे दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ दोन लिंबांवर चालतं ते बघावं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो ऑरस्टेड हा शास्त्रज्ञ. १८२० साली कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांसमोर शिकवत असताना त्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली. शिकवता शिकवता सापडलेली गोष्ट! शिक्षकाला यापेक्षा काय हवं. आम्ही सुईला चुंबक करून दोऱ्याला टांगतो, खाली तार, तार सेलला टेकवली की सुई वळते, सेल उलटा केला की उलटी वळते. पुढे खिळ्यावर तार गुंडाळून टाचण्या उचलणं आणि मग मोटर. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ती साधी मोटर महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत पोचली आहे, एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक गोल चुंबक आणि तारेचं वेटोळं. यात जीव असतो तो तारेची टोकं खरवडण्यात. वार्निश चारही बाजूंनी काढायचं नाही, एक बाजू तशीच ठेवायची, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात धक्का मिळतो आणि उरलेल्या अर्ध्यात करंट बंद पडून वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. सगळीकडून खरवडलं तर पुढच्या अर्ध्या फेऱ्यात धक्का उलटा बसतो आणि ते नुसतं थरथरत राहतं. तार विकत घ्यावी लागत नाही, बाजारपेठेतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नव्या तारेचे तुकडे उरतात, मागितले की देतो. जळालेल्या मोटारीतली तार मात्र घेऊ नये, तिचं वार्निश गेलेलं असतं. ही मोटर फिरली की शेतातली पाच एचपीची पण अशीच का, हे विचारणारं पोर प्रत्येक बॅचला एकतरी असतंच, आणि त्याला मी रिवाइंडिंगच्या दुकानातच पाठवते.

खोडद आम्हाला जवळ आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या काही तर येता-जाता रस्त्यावरून दिसतात, आणि विज्ञान दिनाला तिथं शाळांचं प्रदर्शन भरतं. आमची मुलं एका वर्षी रेडिओ घेऊन गेली होती. आजोबांचा जुना मीडियम वेव्हचा रेडिओ, दोन स्टेशनांच्या मधे लावलेला, आणि त्याच्याजवळ सेलला जोडलेली तार कानशीवर घासायची. घासलं की रेडिओत खरखर. न जोडता! सर्किट तुटताना-जुळताना ठिणगी पडते आणि तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. आजूबाजूच्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांची अशीच खरखर त्या मोठाल्या डिशनाही ऐकू येते आणि आकाशातून येणारे बारीक सिग्नल त्यात बुडतात, शास्त्रज्ञांना ती गाळून काढावी लागते. आमच्या मुलीने हे तिथल्या एका पाहुण्यांना समजावून सांगितलं तेव्हा ती स्टुलावर उभी होती आणि तिचा आवाज मुळीच कापत नव्हता.

एक अडचण मात्र वाढत चाललीय आणि ती मला खरंच सतावते. टॉर्चचे तारेचे बल्ब आता मिळेनासे झालेत. दुकानात गेलं की एलईडी पुढे करतात, आणि एलईडी चांगलाच आहे, पण तो एका सेलवर लागत नाही, उलटा जोडला तर लागत नाही, आणि त्याच्या आत बोटाने शोधत जावं अशी तार नसते. पहिल्या तासासाठी मला तोच जुना बल्ब हवा, अडीच व्होल्टचा, काचेतून आतलं दिसणारा. माझ्याकडचे दरवर्षी फुटून, जळून कमी होतायत. तुमच्या गावात एखादं जुनं इलेक्ट्रिकचं नाहीतर सायकलचं दुकान असेल तर मालकाला माळ्यावर बघायला सांगा, धूळ खात पडलेली पाकिटं निघतात कधी कधी. निघाली तर सगळी घेऊन टाका आणि जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना किंवा सरांना नेऊन द्या, होल्डर नसला तरी चालेल.